शिरगावच्या पाण्यात बाबा

सुक्या बोंबलांचा वास आला की मला शिरगावचा किनारा आठवतो. बाबा साताऱ्याहून बोईसरच्या कारखान्यात कामाला आले होते. त्या रविवारी आम्ही पहिल्यांदाच समुद्र पाहिला.

बोंबील वाळत घालणारी बाई म्हणाली, "भरती लागली हाय. पोरीला काठालाच खेळू द्या."

मी घोट्याएवढ्या पाण्यात खेळू लागले. बाबा माझ्यापुढे, समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. लाटा त्यांच्यावर फुटत होत्या.

"बाबा, बाजूला व्हा ना!"

ते हसले, पण हलले नाहीत. सगळी मजा तेच घेतायत, असं वाटून मी रुसले.

परवा शिरगावचा विषय निघाला, तेव्हा आई सहज म्हणाली, "त्यांना पोहता कुठं येत होतं? लहानपणी विहिरीत बुडता बुडता वाचलेले. त्या दिवशी परतताना एसटीत हात कापत होते त्यांचे."

मला फक्त त्यांचं हसू दिसलं होतं.