भार नसलेले पाय

मी हे लिहावं की नाही, याची अजून मनात धाकधूक आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, लिहिणं तर दूरच. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्या विषयातही अजून अर्धाकच्चाच. म्हणून लिहिण्याचं धाडस करतोय त्याबद्दल आधीच माफ करा.

यंदा आम्हा प्रत्येकाला वर्गासमोर एक विषय मांडायचा होता. गुडघेदुखी, पाठदुखी, लकवा हे विषय मुलांनी पटापट उचलले. मी घुटमळत राहिलो आणि माझ्या वाट्याला अंतराळवीरांची तब्येत आली.

"नाशिकहून कोण चाललंय रे वर? तुझा पेशंट कुठून येणार?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो.

मग वाचायला बसलो. वर शरीराला वजन जाणवत नाही. पायांवर भार नाही म्हणून पोटऱ्या सुकतात, हाडं आतून विरळ होत जातात. ते टाळायला ती माणसं स्वतःला पट्ट्यांनी यंत्राला बांधून रोज धावतात, ताण असलेल्या दोऱ्या ओढतात. तरीही परतल्यावर त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागतं. जमिनीवर याचा अभ्यास करायचा तर शास्त्रज्ञ धडधाकट माणसांना कित्येक आठवडे पलंगावर नुसतं झोपवून ठेवतात. शरीराच्या दृष्टीने पडून राहणं आणि अंतराळात जाणं बरंचसं सारखंच.

हे वाचलं तेव्हा मी नाशकात इंदिरानगरच्या खोलीवर होतो आणि आबा, म्हणजे माझे वडील, गावी पलंगावर होते.

आमचं गाव हरसूलच्या रस्त्याला. झेंडूची शेती. पिकअपमध्ये फुलांचे क्रेट चढवताना आबांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, लगेच वॉकर देऊन उभं करा, पडून राहू देऊ नका. आबांना तर घाईच होती. दसऱ्याला फुलबाजारात आपल्या मालाशेजारी स्वतः उभं राहायचं, एवढंच ते धरून बसले होते. ते पुन्हा चालतील की नाही, हे येत्या काही आठवड्यांवर होतं, आणि घरात ते कळणारा मी एकटाच होतो.

मी सायकलची जुनी ट्यूब पलंगाच्या पायाला बांधली आणि तिचा फास आबांच्या पायाच्या तळव्याला अडकवला.

"दाबा, आबा. अंतराळातली माणसं रोज असंच करतात."

"त्यांना सरकार पगार देतं. तू काय देशील?"

"चहा."

"साखर टाकून?"

"टाकून."

"मंग धर ट्यूब."

त्या दिवशी आबा वॉकर धरून ओट्यापर्यंत आले. तेवढ्यात गावातले दोघं नारळ-बिस्किटं घेऊन भेटायला आले. त्यातला एक ओट्याखालूनच म्हणाला, "आरं, हे तर हिंडाया लागलं! आमचा नारळ फुकट गेला म्हणायचा!" आबा ओशाळून हसले. मागून शेजारची काकू आली, ती आईला म्हणाली, "एवढ्यात उभं केलं व्हय? जीवाला आराम तर पडू द्यायचा. का झेंडू तोडाया न्यायचंय?"

त्यानंतर अंगणात मोटारसायकल वाजली की आई वॉकर दाराआड सारायची, आबांना आडवं करायची आणि छातीपर्यंत गोधडी ओढायची. आजारी माणूस भेटायला आलेल्याला पलंगावर दिसला पाहिजे. नाहीतर येणाऱ्याचा हेलपाटा, आणि घरच्या बाईची सेवा कमी.

आबांनी आयुष्यात कुणाच्या दुखण्याला जायचं चुकवलं नव्हतं. म्हणून आता सगळेच यायला लागले. एक मंडळी उठायची तोवर दुसरी यायची. आबा दिवसभर आडवे. सटाण्याहून आत्या आली ती मुक्कामालाच. दारातूनच म्हणाली, "कशी शे तब्बेत, भाऊ? पडी ऱ्हाय, उठू नको."

"आत्या, त्यांना उठू दे. पडून पाय जातात," मी म्हणालो.

"डॉक्टर झाला का तू?"

झालो नव्हतो.

आबांना म्हणालो, माझ्या खोलीवर चला, तिथे कुणी येणार नाही. ते घाबरून बघायला लागले. "आन् लोक आले, मी नसलो तर? काय म्हणतील?"

वर्गात माझा विषय बरा झाला. सर म्हणाले, चांगला अभ्यास केलास. त्याच आठवड्यात घरी गेलो, तर आबांची पोटरी माझ्या एका मुठीत मावली. ट्यूब कुणीतरी सोडून सायकलवाल्या पोराला देऊन टाकली होती.

पुढे एका सकाळी गावाहून थोरल्या बहिणीचा, ताईचा फोन आला. "आबाचा पाय लय सुजलाय. गरम लागतोय. आन् दम लागतोय त्यांला."

पडून राहिलेल्या पायात रक्ताची गाठ होते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते, हे मी शिकलो होतो. "आत्ता गाडीत घाला. इकडे आणा, मी दवाखान्याच्या दारात थांबतो."

"पाव्हणे बसलेत. जेवण व्हायलंय त्यांचं. उठले की निघतोच."

"ताई, पाहुण्यांना सांग..."

"आबाच नको म्हणताय ना. पाव्हण्यांसमोर कसं निघायचं म्हणतात."

मी ओरडलो असेन, कारण खोलीतले दोघं माझ्याकडे बघायला लागले. दुपार कलल्यावर ताईचा निरोप आला, "निघालो आम्ही." मी दवाखान्यात पोचलो, व्हीलचेअर मागून घेतली आणि गेटपाशी ती धरून उभा राहिलो. रिक्षा येत होत्या, रुग्णवाहिका आली, ती दुसऱ्याच कुणाची. ताई फोन उचलेना. वॉर्डबॉय दोनदा व्हीलचेअर मागायला आला. मी म्हणालो, येतच आहेत.

मग मामाचा फोन आला. मामा गाडीत आबांसोबत होता.

"कुठं हायेस?"

"गेटवरच. किती लांब आहात?"

"तिथं थांबू नको आता," तो म्हणाला. "आम्ही गाडी माघारी फिरवली. तू घरीच ये."