शमशेरचाचांची सर्वांत लहान मोटर

माधवनगरच्या पेठेत शमशेर मुल्लाणी यांचे मोटर वाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती त्यांच्या पायरीवर आणून टाकतो. चाचा काळी पडलेली तार सोडवतात, एकेक वेढा मोजतात आणि नव्या तांब्याने मोटर पुन्हा भरून देतात. चाळीस वर्षे त्यांनी हेच केले. मात्र गेल्या हिवाळ्यात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून त्यांचा स्वतःच्या नजरेवर विश्वास उरला नव्हता. बारीक तारेचे काम यापुढे घ्यायचे नाही, असे त्यांनी बायकोला, हुसेनबीला, सांगून टाकले होते.

अशात एके दिवशी शिराळ्याकडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी अंकिता आली. तिने पर्समधून सुपारीएवढी मोटर काढली.

“चाचा, ही भराल का?”

“कशाची ही?”

“विमानाची. रिमोटवर उडतं. नव्या शिकाऊ माणसासाठी असतं तसलं.”

नाही म्हणायला उघडलेले चाचांचे तोंड तसेच राहिले. त्यांनी मोटर बोटांत धरून फिरवली.

“हे तर उलटंच हाय की! आमच्या मोटरीत घर थांबतंय आणि आतला गडी फिरतोय. हितं गडी बसलाय गप, आणि घर फिरतंय त्याच्याभवती!”

चार दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. आतल्या गाभ्याला बारा दात, प्रत्येकावर चौदा वेढे, आणि तार शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक. तीनदा गुंडाळून तीनदा सोडली. आतून हुसेनबीची हाक येई, “अजी, खाना थंडा होरा! उस खिलौने कू बी भूक लगी क्या?”

काम झाले, तरी मोटर अंकिताच्या हाती देऊन गप्प बसणे चाचांना जमेना. आपण भरलेल्या मोटरींनी आजवर पाणी चढवले. हवेत मात्र आपण कधी काहीच चढवले नव्हते. आणि त्याहून मोठा प्रश्न होता तो डोळ्यांचा. रविवारी सकाळच्या एसटीने ते थेट तिच्या शाळेच्या मैदानावर पोहोचले.

विमान पांढऱ्या फोमचे होते, हातभर लांब. पंख डोक्यावर छत्रीसारखा बसवलेला. ते फेकण्यासाठी अंकिताचे वडील, निवृत्त सुभेदार आकाराम, आले होते.

“शमशेरभाई, तुमच्या मोटरीनं पाणी लय वडलं. ही वारा वडंल व्हय?”

“बघू की, सुभेदार.”

अंकिताने रिमोटची काडी हळूच वर सरकवली. नाकावरचा पंखा फिरला, पण आकारामांनी हातात धरलेले विमान पुढे ओढ घेण्याऐवजी त्यांच्याच छातीवर रेलले.

“आरं, हे तर माघारी सरतंय!”

“जोरही कमी वाटतोय, चाचा,” अंकिता हळू आवाजात म्हणाली.

एखादा दात उलटा गुंडाळला गेला असेल का? वेढा चुकला असेल का? चाचांनी वाळलेल्या गवताची चिमूट फिरत्या पंख्याजवळ सोडली. गवत शेपटीकडे न जाता पुढे उडाले. ते पाहून चाचा मोठ्याने हसले.

“बाई, आदी बॅटरी काढा. विहिरीवर फेज आदलाबदल झाला की पंप उलटा फिरतोय. पाणी येतंय, खरं धार न्हाई. तीच गत ही. मोटरीला जाणाऱ्या तीन तारा हायत न्हवं? दोन बदला.”

“कुठल्या दोन?”

“कुठल्याबी.”

अंकिता थबकली. “आणि तिन्हींची जागा गोल फिरवली तर?”

“मग फिरून उलटीच की! करून बघा सवडीनं.”

तारा बदलल्या. या वेळी आकारामांनी हात पुढे नेला आणि विमान त्यांच्या हातातून जणू निसटूनच गेले. ते गुलमोहरावरून वर चढले, कलले, अंकिताने काडी सोडताच आपोआप सरळ झाले. बाप-लेक माना वर करून पाहत होते. चाचा मात्र जमिनीकडे बघत कान देऊन उभे होते. सूर एकच होता. कुठे गुरगुर नाही, खंड नाही.

पाचेक मिनिटांनी विमान गवतात घसरत उतरले. बॅटरी काढताच चाचांनी मोटरीवर अंगठा टेकवला आणि तो उचलला नाही.

“काय, ताप हाय का लेकराला?” आकारामांनी विचारले.

“हाय जरासा. खरं चढून आल्यावर एवढा यायचाच. अंगठा ठरतोय म्हंजे भरणी बरोबर हाय.” मग ते अंकिताकडे वळले. “बाई, असल्या जळक्या मोटरी आनकी कुणाकडं पडल्यात?”

“सांगलीच्या कॉलेजात ड्रोन करणारी मुलं आहेत. त्यांच्याकडे डबाभर निघतील.”

“धाडा माझ्याकडं,” चाचा म्हणाले. “खरं घाई करू नगा म्हणावं.”