रोज उकरून पाहिलेला वाफा

मंडळी, चाळिशीनंतर माणसाला चिखलात उकिडवं बसवणं हा गुन्हा ठरवा, ही माझी जाहीर मागणी.

मुलुंडच्या आमच्या शाळेत शिक्षकांना बागकाम शिकवतायत. आज शिकवणारे साहेब प्रत्येकाचा वाफा तपासणार होते. मी पडलो मास्तर! बी रुजलं का, ते रोज उकरून तपासलं. उगवणार काय? वर्गातही आपण हेच करतो ना?

शेवटी शेजारच्या वाफ्यावरच्या सावंतबाईंनी दया येऊन काल आपली अर्धी वांग्याची रोपं माझ्या वाफ्यात लावली.

आज साहेब त्यांच्याच वाफ्यापाशी थांबले. "एवढीच रोपं? नापास करावं लागेल, बाई."

बाई माझ्याकडे बघेनात. मी पुढे झालो.

"साहेब, माझ्या वाफ्यातली रोपं बाईंची आहेत."

"अहो, गप्प बसायचं ना!" बाई पुटपुटल्या.

त्या पास झाल्या. सगळे चहाला गेल्यावर मी ती रोपं मातीसकट उचलून त्यांच्या वाफ्यात परत लावली.