डाव्या विंगची जागा

कुकडीच्या काठावर माझ्या धाकट्या भावाचा, विष्णूचा, दहावा चालला होता. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. वडिलांनी शब्द दिला, मी दिला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. मग आमच्या हॉकी टीमचा कॅप्टन बबन पुढे आला. डिंगोऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला कमी.

"इष्णू, तुझ्या जागेवर आमी कुणाला हुभं करनार न्हाई."

कावळा उतरला.

मी जुन्नरच्या इंग्रजी शाळेत मास्तर होतो. हॉकीची टीम माझ्याकडे होती. खेळ आमच्याकडे नवा होता. टीमला अकरा मुलं लागतात. त्यांतला लेफ्ट विंग म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेने चेंडू पुढे नेणारा. विष्णू तिथे खेळायचा. त्याला ऐकू कमी येई, म्हणून चेंडू देण्याआधी मुलं जमिनीवर स्टिक आपटून त्याला खुणावत. प्लेगने तो गेला आणि टीममध्ये दहा उरले.

हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, की पुण्याच्या एका शाळेशी मॅच ठरली आहे. अकरा जमले नाहीत तर स्टिका परत पाठवायच्या आणि खेळ बंद करायचा. मी घरोघर फिरलो. पण बबनच्या शब्दाची गोष्ट माझ्याआधीच पोचलेली असे, आणि मेलेल्याच्या जागेवर कोणी आपला मुलगा देईना. शेवटी पेठेतले कापडवाले शेटजी कबूल झाले.

"मोतीलालला न्या, मास्तर. पळतो लई. पण त्या कोपऱ्यात उभा केलात, तर त्याच दिवशी शाळेतून काढीन."

सरावात डावी कड मोकळीच राहू लागली. बबन सवयीने स्टिक आपटायचा आणि चेंडू तिकडे मारायचा. चेंडू बाहेर जाई. एके दिवशी मात्र चेंडू कडेला थांबला आणि सावकाश आत आला. मुलांनी तो घेतला आणि खेळ पुढे चालू ठेवला. सगळे गेल्यावर मी तिथे घागरभर पाणी ओतून पाहिलं. उतार बाहेरच्या बाजूला होता.

बबनला शब्द मोडायला लावला असता, तर तो गेला असता आणि बाकीचेही त्याच्यामागे गेले असते. मी मोतीलालला उजवीकडे घेतला. उजव्या कडेला दोघं, डावीकडे कोणी नाही. हेडमास्तर म्हणाले, ही कसली मांडणी? मी म्हटलं, अकरा भरले.

मॅचमध्ये एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. त्यांचा एक उंच फुलबॅक, म्हणजे गोलजवळ राखण करणारा, आमच्या रिकाम्या कोपऱ्यासमोरून हलेना. त्यांचा कॅप्टन ओरडून थकला. दुसऱ्या बाजूला आमच्या दोघांसमोर त्यांचा एकच उरला. मोतीलालने गोल केला. तेवढ्यावर आम्ही मॅच जिंकलो.

नंतर गूळ-शेंगदाणे वाटताना तो उंच मुलगा माझ्याजवळ आला.

"मास्तर, तुमचा तो कडेचा मुलगा कुठे गेला? गडी चिवट आहे. हाक मारली तर वळत नाही. स्टिक आपटली की मात्र बघतो."

मी त्याच्या ओंजळीत आणखी शेंगदाणे घातले. तो घरी गेला, असं सांगितलं.

स्टिका जुन्नरलाच राहिल्या. मी शाळेत असेपर्यंत एकाही मुलाने टीम सोडली नाही. नव्या मास्तरांनी विचारलं तर मी एवढंच सांगतो: मुलांनी आपसात काय कबूल केलंय ते आधी विचारा. जागा मग वाटा.