चार नंबरच्या मशीनची चाचणी

बारापैकी पाच पास, सात नापास. शैलेशने तसा कागदच माझ्या टेबलावर ठेवला.

"सर, पाचच मशिनी नवीन सिस्टीम घेतात. बाकी सातचा प्रोसेसर जुना आहे."

"जुना म्हणजे? चालतात तर सगळ्या."

"चालतात ना. तुमची स्कूटर बी चालते. शोरूमवाला घेते का परत?"

शैलेश आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझी भंडाऱ्यात टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. टाइपरायटरच्या दिवसांपासून आम्ही 'मशीन' म्हणतो, ते कॉम्प्युटर आल्यावरही सुटलं नाही. त्या आठवड्यात प्रत्येक मशीन सुरू करताना स्क्रीनवर एक सूचना येत होती. तिचा अर्थ असा की आमच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट संपला.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा आणि बाकीच्यांना कामाला लावणारा प्रोग्राम. सपोर्ट संपला म्हणून तो बंद पडत नाही. त्याच्यात चोराला शिरायला एखादी फट सापडली, तर ती बुजवायला आता कंपनीकडून कोणी येणार नाही, एवढंच. पण याच मशिनींवर आम्ही मुलांचे परीक्षेचे फॉर्म भरतो. त्यात फोटो, सही, आधार नंबर, सगळं असतं. त्यामुळे दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हती.

"मग पाच करून टाकू?" शैलेशने विचारलं.

"परीक्षा पाच आठवड्यांवर आहे."

"म्हणून काहून थांबता? सिस्टीमनं बोटं थोडीच हळू होतात."

हे त्याचं मत होतं. मला आकडा हवा होता. मी म्हणालो, "एक मशीन कर. चार नंबरची. मी मोजून पाहतो."

मराठी तीसच्या परीक्षेला माझे सव्वीस विद्यार्थी बसणार होते. तीस म्हणजे मिनिटाला तीस शब्द. आमच्या धंद्यात शब्द म्हणजे पाच ठोके, मग खरा शब्द लांब असो की आखूड. उतारा सात मिनिटांचा असतो. चुका वजा होतात आणि उरतो तो वेग.

सव्वीसपैकी पंचवीस जणांना ही परीक्षा नाही निघाली तर सहा महिन्यांनी पुन्हा देता येणार होती. सुनंदाताई भुरेंना येणार नव्हती.

सुनंदाताई कारध्याच्या. वय एक्केचाळीस. त्यांचे यजमान एका सरकारी कार्यालयात शिपाई होते, नोकरीत असतानाच वारले. ताई बारावी पास, म्हणून त्यांना अनुकंपेवर लिपिकाची जागा मिळाली. पण नेमणुकीच्या पत्रात अट होती की ठरलेल्या मुदतीत टायपिंगचं प्रमाणपत्र द्यावं. दोनदा परीक्षा देऊन झाली होती, दोन्ही वेळा थोडक्यात राहिल्या. ही तिसरी मुदतीतली शेवटची. नाही निघाली तर त्याच कार्यालयात शिपायाची जागा.

"शिपायाचं काम हलकं नाही जी सर," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "पण मी ज्या टेबलावर बसते, त्याच टेबलावर पाणी नेऊन ठेवाचं, ते मले नाही जमाचं."

शैलेशने रविवारी येऊन चार नंबरवर नवीन सिस्टीम टाकली, रॅमची एक पट्टीही वाढवली. सोमवारी सकाळी मी त्या मशीनच्या वर भिंतीला कागद चिकटवला. 'चाचणी चालू आहे. कोणीही काही बदलू नये.' कोणी सेटिंगमध्ये बोट घातलं की आकडे बिघडतात, हा माझा अनुभव होता.

सहा विद्यार्थी निवडले. दोन चांगले, दोन मधले, दोन मागचे. मागच्या दोघांत सुनंदाताई होत्या. प्रत्येकाने एक दिवस आपल्या नेहमीच्या मशीनवर आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी चार नंबरवर, सारख्या कठीणपणाचा उतारा टाइप करायचा. मी मागे स्टॉपवॉच घेऊन उभा. रजिस्टरात प्रत्येकाच्या नावाचं पान करून कॉलम आखले: तारीख, वेळ, उतारा क्रमांक, मशीन, एकूण ठोके, चुका, वेग.

चौदा दिवस हे चाललं. सहाच्या सहा जणांचा वेग चार नंबरवर पडला. कोणाचा तीनने, कोणाचा पाचने. सरासरी चार. सुनंदाताई जुन्या मशीनवर एकोणतीसला पोचल्या होत्या, नव्या सिस्टीमवर चोवीस. तीनदा घेतलं. चोवीस, पंचवीस, चोवीस.

मी शैलेशला फोन करून सांगितलं, "बोटं हळू होतात. आकडे आहेत माझ्याजवळ."

"सर, अख्खी दुनिया वापरून राहिली ते सिस्टीम."

"अख्खी दुनिया मराठी तीसची परीक्षा देत नाही."

फोन ठेवला तेव्हा मी खूश होतो. निर्णय झाला होता. परीक्षा होईपर्यंत जुनीच सिस्टीम, नंतर पाहू.

दोन दिवसांनी परीक्षेच्या केंद्राचं कळलं. या वेळी आमच्या मुलांना साकोलीचं केंद्र आलं, तिथल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये. ती चालवणारे लांजेवार सर माझ्या ओळखीचे. मी सहज फोन केला.

"मशिनी कोणत्या आहेत सर तुमच्याकडे?"

"सगळ्या नवीन घेतल्या ना. गेल्याच महिन्यात."

"सिस्टीम?"

"नवीनच. जुनी एकही नाही ठेवली. काहून?"

'काही नाही' म्हणून मी फोन ठेवला. माझा चौदा दिवसांचा निर्णय एका मिनिटात कामातून गेला. कोणती सिस्टीम चांगली, हे मी मोजत बसलो होतो. मुलं कोणत्या सिस्टीमवर परीक्षेला बसणार, हे विचारलंच नव्हतं.

संध्याकाळच्या बॅचला मी सगळ्यांना खरं ते सांगितलं. साकोलीला नवीन सिस्टीम आहे. आपल्याकडे तिच्यावर वेग सरासरी चारने कमी येतो. तीन आठवडे आहेत, सराव वाढवावा लागेल. सुनंदाताईंनी हात वर केला नाही, नुसतं विचारलं, "म्हणजे माझे चोवीस धराचे ना सर?"

"सध्या तरी चोवीस."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी म्हटलं कार्यालयात काम असेल.

त्या शनिवारी मी सकाळच्या बसने साकोलीला गेलो. लांजेवार सरांना म्हणालो, "जरा बसून पाहू का?"

"बसा ना. परीक्षा द्याची आहे का तुमाले?"

मी सात मिनिटांचा उतारा घेतला. माझ्या मशीनवर माझा वेग बावन्न असतो. तिथे एक्कावन्न आला. पुन्हा घेतला. बावन्न. तिसऱ्यांदा घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला. एक्कावन्न.

"काय शोधून राहिले?" लांजेवार सरांनी विचारलं.

"माझे चार शब्द."

सिस्टीम तीच, मग वेग का पडत नाही? परतीच्या बसमध्ये मी रजिस्टर मांडीवर घेऊन बसलो. आकड्यांत चूक नव्हती. बेरजा, वजाबाक्या, सगळं बरोबर होतं. भंडारा येईपर्यंत एकच गोष्ट लक्षात आली. या चौदा दिवसांत चार नंबरवर मी स्वतः एकदाही टाइप केलं नव्हतं. मी मागे उभा होतो.

बसस्टँडवरून थेट इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. बॅच चालू होती. चार नंबरच्या स्टुलावर बसलो आणि टेबल जवळजवळ छातीला लागलं.

आमची स्टुलं टाइपरायटरच्या काळातली आहेत. लोखंडी, मध्ये आट्यांचा दांडा. फिरवलं की वर जातात, उलटं फिरवलं की खाली. कोपर कीबोर्डच्या पातळीत पाहिजे, हे मी प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी शिकवतो. कोपर खाली राहिलं की मनगट मोडतं, बोटं वरून पडण्याऐवजी खालून चढतात, आणि वेग जातो. हे स्टूल आट्या संपेपर्यंत खाली गेलेलं होतं. मी उतारा घेतला. शेहेचाळीस.

"हे स्टूल कोणी खाली केलं?" मी विचारलं.

बाजूच्या मशीनवरची मुलगी म्हणाली, "सर, ते पहिल्या दिवसापासूनच तसं आहे."

"मग वर का नाही केलं कोणी?"

तिने भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "तुमीच तं लिहून ठेवलं. काही बदलू नये. आमाले वाटलं, चाचणीचंच असेल."

शैलेशला फोन लावला.

"हो सर, मीच केलं होतं. रॅम टाकाले कॅबिनेट उघडाचं होतं, ते टेबलाखाली. म्हणून बसलो खाली करून. काहून, स्टूल तुटलं का?"

"नाही. चौदा दिवस तुटले."

स्टूल वर करताना मी फेरे मोजले. अकरा भरले. पुन्हा उतारा घेतला. एक्कावन्न.

मग सुनंदाताईंना फोन केला.

"ताई, आकडा चुकला होता."

"कोनाचा?"

"माझा."

त्यांनी विचारलं, "तुमचा बी चुकते का सर?"

मी स्टुलाचं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी अर्ज लिहून ठेवला आहे. शिपायाची जागा चालते म्हणून. साहेब म्हणाले सोमवारी देऊन टाका, म्हणजे काढून टाकल्यासारखं नाही दिसणार."

"दिला का?"

"आज शनिवार आहे ना जी."

"मग देऊ नका."

"चोवीसवाल्या बाईनं काय कराचं मग?"

"तुम्ही चोवीसवाल्या नाही. किती, ते मला माहीत नाही. सोमवारी कार्यालय उघडायच्या आधी या. सातला."

त्या रविवारीच आल्या. इन्स्टिट्यूट बंद असते, पण मी घरून किल्ली घेऊन गेलो. त्यांनी आधी स्टूल हाताने फिरवून पाहिलं, मग बसल्या. तीन दिवस सराव नव्हता. सत्तावीस आले.

"पाहा," मी म्हणालो.

"तीस नाही ना आले."

"तीन कमी आहेत. परवापर्यंत तुमच्या हिशेबाने सहा कमी होते."

"अर्ज पर्समध्येच ठेवते," त्या म्हणाल्या. "फाडत नाही अजून."

मला ते बरोबर वाटलं. मीही आधी मोजून मगच फाडला असता.

त्या आठवड्यात शैलेशकडून बाकीच्या चार मशिनींवर नवीन सिस्टीम टाकून घेतली. या वेळी तो उठून गेल्यावर मी प्रत्येक स्टुलावर बसून पाहिलं. नापास झालेल्या सात मशिनींची नेटची वायर काढून टाकली. नेट नाही तर चोराला रस्ता नाही. त्यांच्यावर इंग्रजीचे विद्यार्थी बसवले. सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन अशा सहा बॅच, प्रत्येकीत पाच मशिनी, म्हणजे तीस जागा. सव्वीस मुलं बसली.

नवीन सिस्टीमची खरी अडचण मग दिसली, आणि ती वेगाची नव्हतीच. आमच्या मुलांचा हात कुठलाही प्रोग्राम उघडायला स्क्रीनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात जातो. तिथलं बटण आता मधे सरकलं होतं, आणि डाव्या कोपऱ्यात क्लिक केलं की हवामान उघडायचं. पहिले चार दिवस रोज कोणी ना कोणी भंडाऱ्याचं तापमान पाहत होतं. परीक्षेत हवामानावर प्रश्न नसतो. पाचव्या दिवशी हात आपोआप मध्ये जायला लागले.

सुनंदाताईंचे आकडे: सत्तावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकोणतीस, तीस, एकतीस. एकतीस आले त्या दिवशी त्यांनी पर्समधून अर्ज काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला सरावाचा उतारा लिहून घेतला.

परीक्षेला मी साकोलीला गेलो होतो, पण आत जाता येत नाही. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "झालं. किती ते नका विचारू. मी मोजलं नाही."

निकाल लागला. सव्वीसपैकी बावीस पास. नापास चौघांचं कारण सिस्टीम नव्हती, कमी सराव होता. हे मी खात्रीने लिहितो, कारण त्यांची स्टुलं मी पाहिली होती. सुनंदाताई पास झाल्या. गुण फार नव्हते, पण प्रमाणपत्रावर पास लिहिलेलं असतं तेवढंच कार्यालय वाचतं. मुदत संपायला एकोणीस दिवस बाकी होते.

प्रमाणपत्राची प्रत घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, आता चाळीसचा फॉर्म भरून द्या."

"चाळीस? आता कोणती अट आहे?"

"कार्यालयाची नाही. माझी आहे. मोजताना मागं उभं नाही राहाचं. आधी सोता बसून पाहाचं, मग दुसऱ्याचे शब्द कापाचे."

मी अट मंजूर केली. रजिस्टरात सात कॉलम होते, आठवा वाढवला: 'स्वतः बसून पाहिले का'. त्याच्याखाली 'होय' लिहिल्याशिवाय आता मी कोणालाही त्याचा आकडा सांगत नाही.