जागेवरच बसा

चाळिशी उलटली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. ही धाकटी एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बसून बोलत्या पुस्तकांचा सर्व्हर सांभाळायची. ज्यांना डोळ्यांनी वाचवत नाही अशी माणसं आपापल्या घरी बसून त्यावरची पुस्तकं ऐकत. दुपार कलली की शहरभर खोल्याखोल्यांतून कुणीतरी गोष्ट सांगत असे, आणि धाकटीला वाटे, अख्खं गाव एकाच पांघरुणाखाली पेंगतंय. काम म्हणाल तर डोकेफोड, पण तिचा त्यावर जीव होता.

ऐकणाऱ्यांत तिचे बाबाही होते. जन्मभर बस चालवलेली. आता नजर अधू झालेली आणि आठवणीचा भरवसा नाही. धाकटीला कधी ओळखत, कधी "या बाई, बसा" म्हणून पाहुणीसारखं वागवत. थोरल्या मुलाच्या घरी खिडकीपाशी स्पीकर लावून ते तासन्‌तास ऐकत बसत. उन्हाचा चौकोन पायांवरून सरकत भिंतीवर चढला तरी त्यांना पत्ता नसे.

सर्व्हरमध्ये काही बदल करायचा झाला की धाकटी तो सरळ बंद करून पुन्हा चालू करी. चालत्या वाक्यात आवाज तुटे. बाकीचे कुरकुरत, चहा टाकत, विसरून जात. बाबा मात्र उठत. गाडी बंद पडली की ड्रायव्हरनं उतरून बघायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. परवा वहिनी कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात ते चपला घालून निघाले आणि भर चौकात, रहदारीच्या मधोमध, कुणा भलत्याच्याच गाडीचं बॉनेट चाचपताना सापडले.

"तुझा तो आवाज बंद पडला की मला धडकीच भरते गं," वहिनी फोनवर म्हणाली.

आवाज धाकटीनंच बंद केला होता, बाबा तिच्यामुळे रस्त्यावर गेले होते.

मग तिनं सर्व्हरसाठी देखभालीची सोय बांधायला घेतली. एक बटण. ते दाबलं की ज्याचं जे प्रकरण चालू असेल ते त्याला पुरतं ऐकू द्यायचं, आणि पुढचं मागणाऱ्याला मुकाट न ठेवता, काम होईपर्यंत पुन्हा पुन्हा दोन शब्द ऐकवायचे.

ग्रंथपाल म्हणाले, "त्यात काय एवढं? बासरी लावून टाक."

"नको सर. बाबांना वाटेल प्रवाशांनी रेडिओ लावलाय. दम द्यायला उठतील."

शब्द काही सुचेनात. "गैरसोयीबद्दल क्षमस्व" तिनं लिहिलं आणि खोडलं. माफी मागितली म्हणजे काहीतरी बिघडलंय, असंच बाबा धरून चालणार. शेवटी दार लावून घेऊन ती स्वतःच बोलली, "पुस्तक थोडा वेळ थांबलंय. काही बिघडलेलं नाही. आमचं लक्ष आहे. तुम्ही जागेवरच बसा."

ठरलेल्या दुपारी तिनं बटण दाबलं. घराघरांतल्या गोष्टी हळूहळू आपापल्या शेवटाला जाऊन निवल्या. एकही वाक्य तुटलं नाही. त्या शांततेत धाकटी कामात अशी बुडाली की आपण पाण्याखाली आहोत असं तिला वाटलं. काम उरकून बटण सोडवायला गेली, तर पडद्यावर बटणाचं पान उघडेचना. उलट तिचाच आवाज तिला सांगू लागला, काही बिघडलेलं नाही, तुम्ही जागेवरच बसा.

शहाणीनं बटण सर्व्हरच्याच आत ठेवलं होतं. सगळ्यांना दाराशी थोपवलं आणि त्यात स्वतःलाही. हसावं की रडावं, तिला कळेना. आणि मग बाबा आठवले. ते असे किती वेळ बसणार? तिनं वहिनीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. धावत घरी जावं असं मनात आलं, पण पुस्तक सुरू झाल्याशिवाय जाऊन उपयोग नव्हता. सर्व्हरचं मशीन जिन्याखालच्या खोलीत होतं, ती तिथं गेली आणि थेट मशीनसमोरच बसून, चाचपडत, सर्व्हरच्या मागच्या वाटेनं शिरून तिनं बटण दाबल्याची आतली खूण हातानं पुसून टाकली.

तेवढ्यात वहिनीचाच फोन आला. "अगं, मी अंघोळीला गेले होते."

"बाबा कुठेत?"

"खुर्चीतच आहेत की. बाहेर आले तर स्पीकरवर तू बोललीस की हे 'बरं, बसतो' म्हणत होते, दर वेळी. आत्ताच पुस्तक लागलं."

संध्याकाळी धाकटी घरी गेली. "या बाई, बसा," बाबा म्हणाले. ती त्यांच्या शेजारी बसली.

"आज पुस्तक थांबलं होतं म्हणे?"

"हो. एक मुलगी सांगत होती तसं."

"कोण होती? ओळखीचा वाटला का आवाज?" विचारू नये असं वाटत असतानाही तिनं विचारलं.

बाबांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "नाही बुवा. आवाज काही ओळखू आला नाही," ते म्हणाले. "पण ती 'बसा' म्हणाली की बसावंसं वाटत होतं."