स्टुलावरून दिसणारं दूध

ये गं भाचीबाई, कागदावर का होईना, पण अशी जवळ ये. धारहून देवास म्हणजे काही काशीयात्रा नाही, तरी तुला सवड होत नाही. बरं, तू पाठवलेला फोटो पाहिला. खिडकीत मनीप्लांट छान आलाय. पण लावलास कशात? तुझ्या आईच्या काचेच्या पातेल्यात. विस्तवावर चढणारं भांडं ते, आणि तू त्यात वेल सोडलीस. काय बोलू तुला?

मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी तीन पातेली होती. आम्हा बहिणींनी वाटून घेतली. धाकटं तुझ्या आईकडे गेलं, बाकीची दोन माझ्याकडे. ती दोन्ही गेल्या आठवड्यात फुटली. मुलगा मदतीला म्हणून आला, आमटीचं तापलेलं पातेलं उचलून ओल्या ओट्यावर टेकवलं. टक्कन आवाज झाला. दचकून त्यानं हात मागे घेतला, तर कोपर लागून दुधाचंही खाली.

"जुनीच झाली होती, आई," काचा गोळा करता करता तो म्हणाला. "आता गॅसही काढून टाकू. इंडक्शन घेऊ. वेळ लावली की आपोआप बंद होतं."

"आणि दूध? ते आपोआप थांबतं का?"

तो हसला. मीही हसले.

आता सांगते ते तुझ्यापाशीच ठेव. मला हल्ली उभं राहवत नाही. मुलगा-सून नोकरीवर गेले की मी अंघोळीचं बुटकं स्टूल गॅससमोर ओढते आणि बसून रांधते. काचेतून सगळं दिसायचं गं. दूध काठाकडे निघालं की बसल्या जागेवरून हात वर करून गॅस बारीक करायचा. दोघं परतायच्या आत स्टूल पुन्हा न्हाणीघरात. त्यांना वाटतं, म्हातारीला काचेची हौस आहे. खरं सांगितलं तर दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकाला बाई लावतील आणि मला टीव्हीसमोर बसवतील. प्रेमानंच करतील, तेच तर अवघड आहे. भांडून तरी कुणाशी भांडायचं? समोरच्या फ्लॅटमधल्या काकींचं तसंच झालं. भर दुपारी चहाची तलफ येते, आणि सून येईस्तोवर त्या घड्याळाकडे बघत बसतात.

रविवारी सूनबाई मला बर्तनबाजारात घेऊन गेली. दुकानदारानं माझ्यापुढे ढीगच घातला.

मी म्हटलं, "काचवाला बताओ भिया, गॅस पे चढे ऐसा."

"माताजी, अब तो ओवनवाला काच आता है. गॅस पे रखोगे तो तड़क जाएगा."

"काचेचे डोहाळे लागलेत का आई?" सूनबाई कानाशी म्हणाली. दुकानदाराला मराठी कळत असावं, तो गालात हसला.

काय सांगणार होते मी तिला? लोखंडी भांडं मनगटाला पेलेना, शिवाय चिंचेची आमटी त्यात काळी पडते. ते काळं, न चिकटणारं पाहिलं, आतला थांग लागेना. स्टीलचं डोळ्यांसमोर धरलं, तर त्यात माझंच तोंड. शेवटी काचेच्या झाकणाचं एक स्टीलचं पातेलं घेतलं.

सूनबाई खूश झाली. "बघा, आतलं दिसतं की!"

दिसतं बाई, उभ्या माणसाला.

सोमवारी त्यातच दूध तापवायला ठेवलं, झाकण कलतं ठेवून. स्टुलावरून झाकणाची मूठ तेवढी दिसत होती. वास आला तेव्हा दूध ओट्यावरून खाली ओघळलं होतं आणि गॅस विझून नुसता फुसफुसत होता. ओट्याला धरून उठले, बटण बंद केलं, खिडकी उघडली. मग पुसलं सगळं, पण करपलेला वास कुठं पुसणार?

संध्याकाळी मुलगा दारातच थांबला. नाक वर करून म्हणाला, "आई, येत्या रविवारी इंडक्शन आणूच."

स्टुलाच्या पायावर वाळलेला दुधाचा ओघळ पुसायचा राहिला होता. सूनबाई न्हाणीघरातून बाहेर आली, ओला फडका घेऊन परत आत गेली. नंतर मी पाहिलं, तर पाय स्वच्छ. तिला कळलं असेल का? विचारायचीही सोय नाही. तेव्हापासून ती मला एक शब्द जास्तच गोड बोलते, आणि मी स्टूल आत ठेवण्याआधी दोनदा पुसते.

म्हणून म्हणते, मनीप्लांट लोणच्याच्या बरणीतही जगेल. ते धाकटं पातेलं रिकामं कर. माझ्या एकटीच्या दुधाला तेवढं पुरे. लुगड्यात गुंडाळून मांडीवर ठेव, इंदूरला बस बदलताना वर सामानात टाकू नकोस. घरात कुणी विचारलंच, तर म्हण, आईची आठवण मावशीकडे असावी म्हणून आणलं. मेलेल्या माणसाच्या आठवणीला कुणी नको म्हणत नाही, आणि काच इंडक्शनवर तापत नाही, म्हणून गॅसही राहील. चहा मीच करीन, तू बाहेरच्या खोलीत बसून राहा, आत डोकावू नकोस.

पण ये. रविवारच्या आत ये गं.